सुधाकाकूंचा हरवलेला डबा

आमच्या घरी आल्यावर सुधाकाकू आधी किचनची कपाटं उघडतात आणि मग आम्हाला "कसे आहात?" विचारतात. बूट दाराशी, कोट माझ्या हातात आणि काकू थेट सिंकच्या खाली. तिथून थोडा वेळ फक्त भांड्यांचा आवाज येतो. मग वाकल्यावाकल्याच त्या म्हणतात, "मला संशय नाहीये हं, मी फक्त विचारतेय. माझा डबा कुठाय?"

हे वाक्य इथल्या, अमेरिकेतल्या कॅरी-मॉरिसव्हिलमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घराने ऐकलेलं आहे.

काकू मूळच्या सांगलीच्या. इथे येऊन पॅथॉलॉजिस्ट झाल्या आणि नोकरीभर मायक्रोस्कोपखाली लोकांचे आजार शोधले. आता त्या रिटायर झाल्यात, त्यांची नजर झालेली नाही. माझी बायको केतकी एकदा कौतुकाने म्हणाली, "काकू, चकल्या घरी केल्यात." काकूंनी चकली मोडली, आतली नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

"छान झाल्यात. पण सगळ्या एका मापाच्या कशा गं? मला संशय नाहीये हं."

चकल्या पटेलच्या दुकानातल्याच होत्या, हा भाग वेगळा.

त्यांचे डबे स्टीलचे, लग्नात मिळालेले. प्रत्येकाच्या झाकणावर आणि बुडाला 'सुधा' असं नाव घातलेलं. दर दिवाळीला काकू त्या डब्यांतून घरोघर फराळ पाठवतात, आणि डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली पद्धत इथेही चालू. आमच्याकडून लाडू, माझा मित्र नितीन याच्याकडून चिवडा, असे डबे फिरत राहायचे. त्यातला एखादा फिरता फिरता गडप व्हायचा. काकूंची मैत्रीण शैला अर्विंगला राहायला गेली, तेव्हापासून कडीचा डबा टेक्सासमध्ये असल्याबद्दल काकूंची खात्री आहे. "मूव्हर्सनी चुकून पॅक केला म्हणते. मूव्हर्सनी!"

आम्ही इथे नवीन होतो तेव्हा दिवाळीची पहिली पहाट काकूंकडेच असायची. काका गॅरेजच्या दारावर आकाशकंदील लावायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागायच्या. उटणं लावून आंघोळ केलेली, कुडत्याच्या खिशात ऑफिसचा बॅज असलेली माणसं फराळावर तुटून पडायची आणि तिथूनच कामावर जायची. मग मुलांच्या शाळा आडव्या आल्या आणि दिवाळी सोयीच्या शनिवारावर सरकली. नंतर तो शनिवारही हॉलमध्ये गेला. काका वारल्यावर "काकूंना कशाला त्रास?" असं आम्ही सगळेच म्हणू लागलो. काकूंना मात्र कोणी विचारलं नाही.

हॉलमध्ये जेवण केटररचं, अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये. गेल्या वर्षी काकूंनी एका ट्रेवरची फॉइल उचलून बघितली.

"हे ट्रे नंतर कुठे जातात रे, मंदार?"

"ट्रॅशमध्ये, काकू."

"म्हणजे परत करायला कोणी कोणाकडे जायला नको. बरं आहे."

त्याच दिवाळीनंतर काकूंचा मोठा डबा हरवला, आणि वर्षभर त्यांच्या आमच्याकडे फेऱ्या चालू राहिल्या. आम्ही अख्खं घर पालथं घातलं. शेवटी केतकी म्हणाली, "काकू, इथे खरंच नाहीये हो. तुम्ही उगाच एवढं ड्राइव्ह करून येऊ नका. सापडला तर मी टेक्स्ट करते ना." बिचारीने काळजीपोटीच सांगितलं होतं. काकू "बरं" म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मात्र त्या अचानक हजर झाल्या. मी वरच्या खोलीत, घरूनच काम करत होतो, तो तसाच मोज्यांवर खाली आलो. जिन्यातून पँट्री दिसते. काकूंनी खांद्यावरच्या पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला, ओढणीने पुसला आणि आमच्या तांदळाच्या पोत्यामागे अलगद सरकवला.

काकूंच्या संगतीत माझंही डोकं तसंच चालायला लागलंय. पहिला विचार आला, या आपल्याला मुद्देमालासकट पकडणार! मी खाकरलो. काकू दचकल्या.

"आज मी शोधत नाही," त्या घाईने म्हणाल्या. "तुम्हीच एकदा तांदळाच्या बाजूला बघा. सापडला तर..." कोटाची बटणं लावता लावता त्या थांबल्या. "टेक्स्ट नको. घेऊनच या."

गाडी गेल्यावर मी डबा बाहेर काढला. झाकणावर 'सुधा'. तो कधी हरवलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी नितीनला फोन लावला.

"अरे यार, आमच्याकडे पण सापडला!" तो म्हणाला. "गॅरेजमध्ये, ख्रिसमसच्या लाइट्सच्या खोक्यात. गेल्या रविवारी काकू आल्या होत्या."

मग ज्यांच्या ज्यांच्यावर काकूंचा संशय होता, त्या सगळ्यांना फोन झाले.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी, शनिवारची वाट न बघता, आम्ही पहाटे काकूंच्या दारात उभे राहिलो. प्रत्येकाच्या हातात एकेक भरलेला डबा होता. काकूंनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या. मग माझ्या डब्याचं झाकण काढून वास घेतला.

"बेसनाचे. घरी केलेत?"

"घरीच, काकू. खरंच."

त्यांनी लाडू मोडून उजेडात धरला नाही. "आत या, चहा उकळतोय," एवढंच म्हणाल्या. आणि खरोखरच गॅसवर भलं मोठं पातेलं होतं. एकट्या बाईच्या चहाचं ते नव्हे.

निघताना तोच डबा शंकरपाळे भरून त्यांनी माझ्या हातात दिला. मी पायऱ्या उतरलो, तरी त्या दारातच उभ्या होत्या.

"मंदार, डबा परत कधी आणणार रे?" त्या म्हणाल्या. "मला संशय नाहीये हं. मी फक्त विचारतेय."