नारायणरावांच्या माशांची शेगडी

आमच्या हिंगोलीत माणसाचा ताप बघायला मागेपुढे करणारा एक कंपौंडर होता, पण तोच माशांचा ताप दिवसातून तीनदा बघत असे. त्याचं नाव नारायणराव.

ही गोष्ट निजामी अमलातली. नारायणराव सरकारी दवाखान्यात औषधं कालवत. वर्णाने काळेसावळे, डोक्यावर काळी टोपी, आणि कोटाच्या वरच्या खिशात थर्मामीटरची डबी. बोलताना हात त्या डबीवर. कुणी म्हणालं, "यंदा पाऊस बरा झाला," तर नारायणराव थांबत, गंभीरपणे मान तिरपी करत आणि विचारत, "किती? मापून बोला." कुणी म्हणालं, "पोटात लई दुखून राहिलं," तरी तेच, "मापून बोला." आता पोटदुखी कशी मापायची हे त्या बापड्याने कुणाला विचारावं? खुद्द नारायणरावांच्या लग्नाची बोलणी फिसकटली ती म्हणे मुलीच्या उंचीवरून. नारायणराव टेप घेऊन गेले होते. खरंखोटं देव जाणे, पण ते बिनलग्नाचे राहिले एवढं मात्र खरं.

त्यांच्या घरी काचेची एक पेटी होती. बदली होऊन गेलेल्या एका तहसीलदाराने ती मागे टाकली होती. साहेबांचे तांबडे मासे उन्हाळ्यात मेले, तेव्हा साहेबांना पेटीचा कंटाळा आला. नारायणरावांनी ती पेटी बैलगाडीत कडबा पसरून त्यावर, मांडीवर लेकरू घ्यावं तशी धरून घरी आणली आणि कयाधू नदीतले बोटभर लांबीचे सात मासे एका भोयाकडून आणून तिच्यात सोडले.

नारायणरावांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. त्यामुळे मासे आणल्याची बातमी गावभर झाली. खुलासा त्यांनीच केला. त्यांची थोरली बहीण गोदाक्का लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. रोज सकाळी कयाधूवर जायचं, स्नान करायचं आणि कणकेच्या गोळ्या करून माशांना घालायच्या, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. दम्याने पाय उंबऱ्याच्या आत अडकला आणि नेम मोडला. म्हणून नारायणरावांनी नदीच घरात आणली. इथवर गावाला पटलं.

न पटलेलं पुढे आहे. मार्गशीर्ष लागला तसा नारायणरावांनी पेटीशेजारी कोळशाची शेगडी पेटवली. माशांना थंडी वाजते म्हणून!

मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवत होतो. वय तिशीचं, जीभ सैल. इस्माईलभाईच्या पानाच्या दुकानासमोर संध्याकाळी आमची सभा भरे, तिथे मी नारायणरावांना गाठलं.

"काहो नारायणराव, जिथं वैशाखात कौलावर पापड भाजतो त्या गावात माशांना शेगडी? कयाधूत कोण पेटवतं?"

नारायणराव पान हातात धरून शांतपणे म्हणाले, "नदी वाहती असती, मास्तर. चालत्याला थंडी वाजत न्हाई. बसल्या जागी वाजती. तुमी चालत शाळेत जाता तेव्हा घाम येतो का न्हाई? आन् वर्गात खुर्चीवर झोपता तेव्हा मफलर काहून लागतो?"

सभा माझ्यावर हसली. मी म्हणालो, "पाणी गार आहे हे तुम्हाला कळलं कसं?"

"मापून बोलतो. थर्मामीटर घातला. पारा हलतच न्हाई!"

आता गंमत बघा. ती नळी माणसाच्या तापाची. तिचे आकडेच चौऱ्याण्णवपासून सुरू होतात. साध्या पाण्यात तिचा पारा हलेल कसा? दवाखान्यात जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळू नये! मी ते सगळ्यांना फोड करून सांगितलं. नारायणराव ऐकत राहिले आणि म्हणाले, "तरीपण मासे गारठून राहिले." आणि निघून गेले.

हे माझ्या जिवाला लागलं. गावाच्या दृष्टीने हिंगोलीत शास्त्र म्हणजे मी, आणि माझ्यादेखत एक कंपौंडर माशांना शेकतो! पौषातल्या एका सकाळी शाळेच्या कपाटातला लांब थर्मामीटर घेऊन मी कयाधूवर गेलो. साक्षीदार म्हणून इस्माईलभाईला ओढून नेलं. तो कानाला मफलर गुंडाळून काठावर उभा आणि मी गुडघाभर पाण्यात. मासे माझ्या पायांशी खुशाल खेळत होते. आकडा कागदावर लिहिला, इस्माईलभाईची सही घेतली आणि तसेच ओल्या धोतराने आम्ही नारायणरावांच्या दारात हजर.

"नारायणराव, आज मापून बोलायला आलोय!"

खोली लहान. खिडकीला फट ठेवलेली. भिंतीशी काचेची पेटी, तिच्यापुढे शेगडी, आणि शेगडीच्या अलीकडे चटईवर गोदाक्का. अंगावर एक विरलेलं लुगडं, बस्स. आक्कांना काही द्यायची सोय नव्हती. भावाने मागच्या वर्षी रजई शिवून आणली, ती आठ दिवसांत तांड्यावरच्या दूधवालीच्या अंगावर दिसली. घोंगडी आणली, ती देवळातल्या गुरवाकडे गेली. "भावाचं खाते तेवढं बास. वर आणखी कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी पेटीत थर्मामीटर बुडवला, आकडा मोठ्याने वाचला, मग कागद काढून नदीचा आकडा वाचला. थेट नाटकातल्या वकिलासारखा हात वर करून म्हणालो, "नदी ह्या पेटीपेक्षा कितीतरी गार! तिथं मासे मजेत! सिद्ध झालं, की माशांना शेगडी लागत नाही!"

नारायणराव "मापून बोला" म्हणाले नाहीत.

आक्कांनी खोकला आवरला. "म्हंजे लागतच न्हाई म्हणता, मास्तर?"

"मुळीच नाही."

"मग काहून जाळतोस रे नारायणा? मला वाटलं मुके जीव हायती, मरतील. विझव ती." आणि त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचललासुद्धा.

नारायणराव माझ्याकडे बघत नव्हते. माशांकडेही बघत नव्हते. ते आक्कांच्या पायांकडे बघत होते. मीही बघितलं. भेगाळलेल्या दोन टाचा शेगडीच्या कडेला, इतक्या जवळ, की चटईचं ते टोक करपलं होतं.

माझ्या हातातला कागद एकदम जड झाला.

"थांबा आक्का!" मी ओरडलो. तांब्या हवेत थांबला. मी थर्मामीटर परत पाण्यात घातला, काढला, उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले. "अरे बापरे! माझी चूक झाली. नळी उलटी धरली होती मी. हे मासे तर... आक्का, हे मासे काकडून राहिलेत हो!"

इस्माईलभाई माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने शेगडीकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, आणि कानावरचा मफलर सारून म्हणाला, "हौ मास्टरसाब, मैं बोल्या नै तुमना? नदी पे बी उल्टाच पकड़े थे!"

आक्कांनी तांब्या खाली ठेवला. "पोरांना शिकवता ना हो तुमी, मास्तर?" एवढंच म्हणाल्या. नारायणरावांनी वाकून दोन कोळसे वाढवले.

त्यानंतर सहा महिने हिंगोलीत माझी ओळख 'उलटी नळी मास्तर' अशी होती. वर्गातली कारटी फळ्यावर उलटा थर्मामीटर काढून ठेवत. नारायणराव दुकानासमोर भेटले की माझं पान ते स्वतः लावून घेत आणि माझ्या हातात देत. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

आक्का त्यानंतर दोन हिवाळे होत्या. भाद्रपदात गेल्या. त्याच वर्षी पौषात मी सहज नारायणरावांकडे गेलो. पेटी होती, मासे होते, चांगले वाढले होते. नारायणराव कणकेच्या गोळ्या करून पाण्यात सोडत होते. मोजत नव्हते. शेगडी कोपऱ्यात पालथी घातलेली.

मी विचारलं, "शेगडी नाही पेटवली?"

"माशांना काय करायची शेगडी, मास्तर? कयाधूचे हायती ते." गोळी सोडून ते म्हणाले, "आन् त्या नळीचे आकडे चौऱ्याण्णवपासून असतात. वीस वर्षं झाली मला दवाखान्यात."

मी चटईवर बसलो होतो, खालची फरशी बर्फासारखी होती. नकळत मी पाय पोटाशी ओढून घेतले.

नारायणरावांनी ते बघितलं. हात धोतराला पुसले, उठले, कोपऱ्यातली शेगडी सरळ करून पेटीपुढे आणून ठेवली, आणि माझ्याकडे पाठ करून कोळसे रचत म्हणाले,

"आज जरा मासे गारठून राहिले."