शंभर टक्के लोकर

कन्हेरीत कुणालाही ऑनलाइन काही मागवायचं असलं, की तो आधी माझ्याकडं येतो. फवारणीचा पंप, मिक्सर, पोरांचे बूट, सगळं मी मागवून दिलंय आणि नाही पटलं तर परतही करून दिलंय. बारामतीच्या कृषी सेवा केंद्रात बसून औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात माझी बारा वर्षं गेली. मला कोण फसवणार? ह्या तोऱ्यात मी गेल्या थंडीत सासूबाईंसाठी घोंगडी मागवली.

सासूबाई म्हणजे फुलाबाई. भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याजवळ त्यांची वस्ती. एके काळी दोनशे मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि चार शेळ्या. त्यांची जुनी घोंगडी पार विरली होती. मोबाईलवर लिहिलं होतं, 'शंभर टक्के मेंढीची लोकर, हातानं कातलेली'. फोटोत मेंढीसुद्धा उभी होती. मी अख्ख्या भावकीसमोर ती घडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी काठ दोन बोटांत धरून जरा चोळला, "चांगली हाय" म्हणाल्या आणि आत नेऊन ठेवली.

आठ दिवसांनी माझी बायको मनिषा माहेरी गेली आणि तिथनं तिचा फोन आला. म्हणे, सकाळी घोंगडी अंगावरनं काढली की आईच्या केसांत चटचट आवाज होतो आणि केस उभे राहतात.

लोकर कसली, नायलॉनच असणार! मी तडक मोटारसायकल काढली आणि सासूबाईंकडं गेलो. लोकर जाळून ओळखतात, एवढं मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. चुलीतलं लाकूड घेऊन घोंगडीच्या कोपऱ्याला लावलं, तर कोपरा पेटायच्या ऐवजी पाघळायला लागला. विझवेपर्यंत भाकरीएवढं भोक! पण पुरावा मिळाला म्हणून मी खूश. फोटो काढून पैसे परत मागितले.

कंपनीचं उत्तर आलं, की वस्तू ग्राहकानं स्वतः जाळलेली आहे, सबब पैसे मिळणार नाहीत. मी सविस्तर खुलासा लिहिला. एका सेकंदात तेच उत्तर. मी कडक शब्दांत लिहिलं. पुन्हा तेच, वर 'आपला दिवस आनंदात जावो'. आपण मशीनशी भांडतोय, हे चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं. त्या रागात कुठलं बटण दाबलं गेलं कुणास ठाऊक, तिसऱ्या दिवशी तसलीच दुसरी घोंगडी दारात हजर. तिचेही पैसे कापून गेलेले.

शेवटी वरपर्यंत तक्रार केली, तेव्हा कुठं कंपनीच्या राजेश्वरी मॅडमनी व्हिडिओ कॉलची वेळ दिली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, ग्राहक कायद्याचे सात कागद छापून सासूबाईंच्या अंगणात बसलो. कलमं वाचायला सुरुवात केली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की ही लोकर नाही हे तुम्ही कशावरनं म्हणता. मी म्हणालो, पाघळली. त्या म्हणाल्या, जाळलीत तुम्ही. मी पुढचा कागद उलटला.

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या हातातला फोन आपल्याकडं वळवायला सांगितलं. जुन्या घोंगडीतला एक धागा ओढला, नव्या घोंगडीतला एक ओढला आणि दोन्हींना काडी लावली. जुना धागा केस जळल्यासारखा वास देत विझला. राख त्यांनी बोटांत चुरली. नव्याचा साबुदाण्याएवढा कडक मणी झाला.

"केस जळतो, बाई," त्या म्हणाल्या. "मेंढी कुठं पाघळती व्हय?"

मग सासूबाईंनी डोळे मिटून जुन्या घोंगडीवर हात फिरवला. ही जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिली कातरणी, म्हणून मऊ. हा काठ दुसऱ्या सालचा, त्या साली चारा नव्हता, म्हणून धागा राठ. हातानं कातलेला धागा कुठं जाड, कुठं बारीक होतोच, आणि तुमचा सगळा एकसारखा. अकरा वर्षं जावई म्हणून ह्या घरी जेवलो, पण ही बाई मला माहीतच नव्हती. मॅडमची टाइप करायची बोटं थांबली होती. त्या नुसत्या म्हणत होत्या, "अजून सांगा, आजी." दहा मिनिटांचा कॉल तासभर चालला. माझा हात बधिर झाला. शेळीनं कायद्याची दोन पानं खाल्ली, ती मी खाऊ दिली.

शेवटी मॅडमनी विचारलं, की ही लोकर नाही, हे तुम्हाला कधी कळलं.

"हातात घेतली तवाच. पर पाव्हण्यांनी आणल्याली. कसं बोलायचं?"

दोन्ही घोंगड्यांचे पैसे परत मिळाले, जाळलेलीचेसुद्धा. ती जाहिरातही कंपनीनं काढून टाकली.

मी सासूबाईंना म्हणालो, आता खरी आणू, फक्त जावळाची कुठं मिळते ते सांगा. त्यांनी शेळीच्या पाठीवरचा पाला झटकला.

"आता अवघड हाय, पाव्हणं. मेंढरं इकली त्या साली शेवटची लोकर निघाली. तिची एकच झाली. ती तुमाला लग्नात दिली की."

मला काही आठवेना. मनिषानं घरी आल्यावर हात धरून दाखवली. अकरा वर्षं ती आमच्या ट्रॅक्टरच्या सीटवर आहे, चौघडी करून. ऊन, पाऊस, डिझेल आणि वरनं मी. एक धागा सुटलेला नाही.

दोनदा धुतली. डिझेलचा वास काही जात नाही. आणि अशीच नेऊन दिली, तर त्या डोळे मिटून नुसता हात फिरवतील आणि मी तिच्यावर काय काय सांडलं, ते सालासकट सांगतील.