मान नाही, तर मोदक नाही

नव्या माणसाची ओळख झाली की मोघेकाका त्याचं गाव विचारत नाहीत. चष्मा नाकावर सरकवून एवढंच विचारतात, "राजनिष्ठ, बंडखोर की कुंपणावर?"

आम्ही बुकित बातोकला नुकतेच राहायला आलो होतो आणि मी लिफ्टमध्ये दोन्ही हातांत भाजी घेऊन उभी होते. मी म्हटलं, "आठव्या मजल्यावर." काका म्हणाले, "म्हणजे कुंपणावर." आणि माझ्यासाठी बटण दाबलं.

काका चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेब तपासतात. तिथे जायचं म्हणजे MRTने, म्हणजे मेट्रोने, अख्खं बेट ओलांडायचं. त्या प्रवासात कधीतरी त्यांच्या हाती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं जाडजूड पुस्तक लागलं. तेव्हापासून बाकीचे लोक गाडीत झोपतात आणि काका इंग्लंडच्या राजाशी लढतात. लिफ्ट बंद पडो नाहीतर काकूंचा भात करपो, काकांचं ठरलेलं: "तेरा वसाहतींत हेच झालं होतं."

आता आमची वसाहत. आमचा गणपती शेजारच्या बुकित पंजांगला बसायचा. मंडळ तिथलं, अध्यक्ष तिथले, आरतीचं ताट धरायचा मानही दरवर्षी तिथल्याच कुणाला. बातोकवाल्यांनी काय करायचं, तर मोदक. उकडीचे, साच्यातले नव्हे, हाताने वळलेले. मी स्वतः पाकळ्या काढकाढून बोटं भाजून घेतली आहेत आणि आरतीला चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहिले आहे.

एका वर्षी काका सभेत उठले आणि म्हणाले, "मान नाही, तर मोदक नाही." पंजांगवाले हसले. "इंग्लंडवालेही असेच हसले होते," काका म्हणाले आणि बाहेर पडले.

बंड सोपं नसतं. अर्धा बातोक म्हणाला, कशाला उगाच फाटे फोडता. काकूंनी जाहीर केलं, "मी कुंपणावर. दोन्हीकडचा प्रसाद खाणार." पण काकांना घाव बसला तो सप्रेकाकांचा. सप्रे त्यांच्याच मजल्यावर राहतात. दोघं तरुणपणी एकाच खोलीत भाड्याने राहिले, एकाच कुकरात भात लावला. काका आरती म्हणणार आणि सप्रे ढोलकी धरणार, ही इतक्या वर्षांची रीत. सप्रे म्हणाले, "ज्या मूर्तीपुढे एवढी वर्षं वाजवलं, ती ताटासाठी सोडू? तुझं तू बघ." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. लिफ्टमध्ये समोरासमोर आले की दोघंही मजल्यांचे आकडे वाचायचे.

युद्ध मात्र आम्ही जिंकलो. काका म्हणत, फ्रान्सशिवाय अमेरिकावाले जिंकले नसते. आमचा फ्रान्स म्हणजे गुजराती शहा. त्यांनी त्यांच्या काँडो सोसायटीतला हॉल मिळवून दिला. मोदकांच्या तालमीत उकड बिघडली, एकूण एक मोदक फुटला आणि निम्म्या बायका पंजांगला परतायच्या गोष्टी करू लागल्या. काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "त्यांचे सैनिक बर्फात अनवाणी उभे होते. तुमचं फक्त पीठ फुटलंय." मी म्हटलं, "काका, अनवाणी परवडलं, तुम्ही वळा एक." त्यांनी वळला. तो मोदक होता की बटाटा, हे अजून ठरायचंय.

गणपतीच्या दिवशी आरतीचं ताट काकांच्या हातात आलं. आयुष्यभराची हौस. शेजारी कुठूनतरी मागून आणलेली ढोलकी ठेवली होती. आमच्यातला एकजण ती उचलायला गेला, तर काका म्हणाले, "ती राहू दे." नुसत्या टाळ्यांवर आरती झाली. दुसऱ्याच कडव्याला काका पुढे गेले, आम्ही मागे राहिलो. त्यांना ताल देणारं कुणी नव्हतं.

आरती संपल्यावर काकांनी डब्यात मोदक भरले, त्यांत त्या दिवशीही हट्टाने वळलेला स्वतःचा एक, आणि मला म्हणाले, "चल. पंजांगची आरती आठला असते."

LRTच्या छोट्या गाडीत काका खिडकीशी बसले. वाटेत इमारती जवळ आल्या की त्या गाडीच्या काचा आपोआप धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. त्या धुरकट काचेकडे बघत काका म्हणाले, "शेवटचं प्रकरण मी कुणाला सांगत नाही. युद्ध संपल्यावर राजनिष्ठ लोक घरंदारं टाकून जहाजांत बसले. शेजारीच होते गं ते. त्यांना पोचवायला धक्क्यावर कुणी गेलं असेल, असं मला वाटत नाही."

मी डबा मांडीवर घट्ट धरला.

पंजांगला सप्रे दाराजवळच ढोलकी घेऊन बसले होते. काकांना बघून त्यांनी मान वळवली. काकांनी डबा त्यांच्या गुडघ्याशी ठेवला.

"बंडखोरांचा मोदक मला चालत नाही," सप्रे म्हणाले. मग झाकण उघडून बघितलं. "हा असा कुणी वळला?"

"मी."

"वाटलंच. हा मला राहू दे."

आरती सुरू झाली. काका पुढे गेले नाहीत. चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहून म्हणू लागले आणि पहिल्या ओळीपासून तालात होते.

निघताना सप्रे ढोलकीची दोरी खांद्याला अडकवायला लागले. काकांनी ती काढून घेतली.

"परवा आमचं विसर्जन आहे," काका म्हणाले. "येशील?"

"एवढी जड ढोलकी घेऊन मी कुठे कुठे फिरू?"

"तू फक्त ये," काका म्हणाले. "ढोलकी मी उचलतो."