नागनाथप्पांचा पाव फेरा

दर सोमवारी सकाळी नागनाथप्पा माझं दार वाजवीत, मी हलतो आहे एवढी खात्री करून घेत आणि निघून जात.

"मास्तर, हायत का?"

"आहे."

"जरा दारापत्तर या."

मी हातातलं पुस्तक पालथं ठेवून दारापर्यंत जाई. अप्पा मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळीत. कपाळावर ओल्या भस्माचे तीन पट्टे, अंगात तेलाचे डाग पडलेली बंडी, खांद्यावर पाना. पाना म्हणजे नट पिळायचं लोखंडी हत्यार. दुसरे लोक उपरणं टाकतात तसा तो त्यांच्या खांद्यावर असे.

"हालायलाव. बरं हाय. चलतो."

बसा म्हटलं तर बसत नसत. चहा घेता का विचारलं तर म्हणत, "सोमवारी न्हाई. अजून लय घरं राहिलीत."

मी पूर्णा गावच्या शाळेवर नवीन आलो होतो. पत्नी वारल्याला फार दिवस झाले नव्हते. वर्गात तेव्हाच्या सरकारी हुकमाप्रमाणे गणितसुद्धा उर्दूतून शिकवायचं आणि घरी आल्यावर कुणाशी मराठीतूनही बोलायचं नाही, असा माझा क्रम होता. पहिल्या सोमवारी मला वाटलं, शेजारी वेडसर आहे. दुसऱ्या सोमवारी खात्री पटली. पुढे एकदा आदल्या दिवशी दाढी करायची राहिली होती, तर ती सोमवारी पहाटे उठून केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांची वाट पाहू लागलो आहे.

स्टेशनला आणि इंजिनांच्या शेडला बिजली पुरवणारं एक छोटं बिजलीघर तेव्हा गावाच्या कडेला होतं. तिथे अप्पा वाल सांभाळीत. बॉयलरमधली वाफ जाड नळांतून बिजली बनवणाऱ्या इंजिनाकडे जाते. ती अडवायची किंवा सोडायची तर मध्ये चाक असलेला वाल असतो. चाक एका बाजूला फिरवलं की वाट बंद, दुसऱ्या बाजूला फिरवलं की मोकळी. असे लहानमोठे वाल भिंतींवर, खड्ड्यांत, छताजवळ, जिथे तिथे होते. त्यांतले निम्मे रोजच्या कामाचे. उरलेले कधीतरी संकटाच्या वेळी लागतील म्हणून बसवलेले, वर्षानुवर्षं तसेच उभे.

अप्पांचा जीव या दुसऱ्या जातीत. सोमवारी पहाटे महादेवाची पूजा झाली की ते बिजलीघरात जाऊन एकेक वाल पाव फेरा बंद करीत, पाव फेरा उघडीत आणि होता तसा ठेवीत. कशासाठी, असं मी विचारलं होतं.

"न फिरवलेला वाल म्हणजे न भेटलेला सोयरा, मास्तर. गरज पडल्यावर गेलाव तर वळख देत न्हाई."

बिजलीघरातले वाल संपले की ते गावातले सोयरे घेत. स्टेशनवरचा तिकीटबाबू, पिंपळाखालचा चांभार, नदीकाठच्या मठातले म्हातारे स्वामी, आणि मी. प्रत्येकाला पाव फेरा.

बॉयलरवर कोळसा मारणारा इब्राहीम मिस्त्री त्यांचा जिवलग आणि वैरी. तो म्हणे, "अप्पा, तुम इस चाक से निकाह पढ लेव. हम गवाह रहते."

अप्पा शांतपणे म्हणत, "पढलो असतो. पन तुज्यासारखा गवाह असल्यावर लगीन टिकल का?"

दोघांचं भांडण जोरावरून चाले. इब्राहीमला प्रत्येक गोष्ट ताकदीने आवळायची सवय. पान्याला लांब नळी अडकवून तो लटकायचाच. अप्पा मागून येऊन त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवीत. "आवळू नको, बसीव." हे त्यांचं ब्रीदच होतं. धोतराची गाठ मारणाऱ्याला, पोराला झोपवणाऱ्या आईला, वर्गात ओरडणाऱ्या मास्तरला, सगळ्यांना एकच सल्ला. आवळू नको, बसीव.

नवा वाल आला की अप्पांच्या घरी पाहुणा आल्यासारखं होई. खोक्यातून काढून ते तो आधी घरी आणत, पाटावर ठेवीत आणि दिव्याशी धरून आतून बघत. त्यांची मुलगी सुमित्रा एकदा त्या वालाला कुंकू लावायला गेली.

"आगं, गंज चढंल त्याला. पूस. तेल लाव."

"मंग हळद तरी?"

"त्यो काय नवरदेव हाय का?"

"इब्राहीमचाचा तर म्हणायलेत, हायच म्हणून."

अप्पा रागावायला गेले आणि हसले. सुमित्रापुढे त्यांचं काही चालत नसे.

वाल नळावर बसवताना त्याच्या गोल तोंडाभोवतीचे बोल्ट ओळीने पिळायचे नसतात. एक पिळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा, आणि तेही थोडे थोडे. नाहीतर तोंड तिरकं बसतं आणि वाफ एका अंगाने फुसफुसते. हे शास्त्र अप्पांनी बिजलीघरापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. श्रावणात मठात जेवण होतं आणि वाढायला अप्पा उभे राहिले. दोन लांब पंगती समोरासमोर. अप्पांनी या पंगतीच्या टोकाला एक पोळी वाढली, मग पाट ओलांडून त्या पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, मग मध्ये, मग मधल्याच्या समोर. प्रत्येकाला आधी अर्धीच. मंडळी माना वळवून वळवून थकली.

स्वामी म्हणाले, "नागनाथा, अरे ओळीनं वाढ की."

"एका बाजूनं वाढत गेलो तर दुसऱ्या बाजूची मानसं फुसफुसतील, स्वामी."

"ती फुसफुसायलीतच."

जेवण संपलं तेव्हा दिवे लागले होते. पण खरं सांगतो, कुणाच्या पानात आधी आणि कुणाच्या नंतर असा रुसवा त्या दिवशी झाला नाही. सगळेच सारखे उपाशी होते.

असा हा गावभर फिरणारा माणूस एका घरी मात्र जात नसे. ते घर ताडकळसला होतं, त्यांच्या थोरल्या भावाचं. भावाला सगळे अण्णा म्हणत. अप्पांची बायको गेली तेव्हा सुमित्रा रांगत होती. तिला अण्णांच्या बायकोने, वैनींनी, आपल्या घरी नेऊन वाढवलं. अण्णांच्या खांद्यावर बसून ती शेत हिंडली. मग एके दिवशी अण्णांकडे पाहुणे जमले होते, विहिरीवर मोट चालू होती, आणि अप्पा चारचौघांत म्हणाले, "अण्णा, तुमची मोट गळायली."

पाहुणे हसले. अण्णांना ते हसणं लागलं. तेही बोलले, की जमीन सोडून दुसऱ्याचं लोखंड पुसणाऱ्याने आम्हाला शहाणपण शिकवू नये. अप्पांनी त्याच संध्याकाळी पोरीला उचललं आणि पूर्णेला आले. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. पोर वैनींना, तिच्या मोठ्या आईला, भेटायला जाई, पण अप्पा वेशीपासून परत फिरत.

आता सुमित्राचं लग्न ठरलं होतं. मुलगा गंगाखेडचा, किराणा दुकानदाराचा. सगळं मनासारखं होतं. पण सुमित्राने एक दिवस जोंधळे निवडता निवडता सांगितलं, "अण्णा आन मोठी आई आल्याबगर मी बोहल्यावर उभी ऱ्हाणार न्हाई."

"चिठ्ठी पाठवू की," अप्पा म्हणाले.

"चिठ्ठीवर अण्णा येणार न्हाईत. तुमी जाऊन आणा."

"मी? त्यांच्या दारात?"

"पार तिकीटबाबूच्या दारात जाताव सोमवारी. त्यो कोण लागतो तुमचा?"

अप्पांनी पाना एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि ते बाहेर पडले. सुमित्राने मला भिंतीपलीकडून हाक मारली. "मास्तरकाका, जरा मागं मागं जा. जेवले न्हाईत ते."

ते बिजलीघरात सापडले. पाण्याच्या टाकीजवळचा एक जुना वाल, कुणीतरी कधीकाळी आवळून ठेवलेला, पुरता जाम झाला होता. अप्पांनी त्याच्या दांड्यावर तेल सोडलं आणि शेजारी उकिडवे बसून राहिले. पुष्कळ वेळाने उठले, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि बंदच्या दिशेने हलकेच रेटलं.

मी म्हणालो, "अप्पा, उघडायचा आहे ना?"

"हौ."

"मग उलटं का फिरवता?"

"धाकदपटशानं उघडाय गेलं तर दांडा मोडतो. आदी त्याच्या मनासारखं, बंदकडंच जरा ढकलायचं. गंज तिथंच तुटतो. मंग उघडकडं येतो त्यो."

चाक आत कुठेतरी कुरकुरलं. अप्पा थांबले. चाकावरचे हात तसेच होते, पण नजर दुसरीकडेच गेली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "उद्या ताडकळसला येताव का माज्यासंगं?"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही एक दमणी आणि गाडीवान ठरवून निघालो. दमणी ही हलकी, वर छप्पर असलेली बैलगाडी. वाटेत मी अप्पांना काय बोलायचं ते शिकवलं. आधी नमस्कार, मग वैनींची खुशाली, मग पाऊसपाणी, मग चुकलंमाकलं पोटात घाला, आणि मग लग्नाचं आमंत्रण. वाक्यं मी तयारच करून आणली होती. अप्पांनी सगळं मान हलवून ऐकलं, एकदा माझ्याकडून परत म्हणवूनही घेतलं.

अण्णा ओट्यावर बसून दोर वळत होते. उंच, पांढऱ्या मिशा, कपाळावर तसेच तीन पट्टे. आम्हाला पाहिलं आणि दोर वळणं थांबवलं नाही.

अप्पा ओट्यासमोर उभे राहिले. मी मागून हळूच म्हणालो, "नमस्कार."

अप्पा म्हणाले, "मोट गळत व्हती."

मी मागून त्यांची बंडी ओढली.

अण्णांनी मान वर केली. "काय?"

"तवा गळत व्हती. आजबी सांगतो, गळत व्हती."

"येवढं सांगायला पूर्णेहून आलास?"

"हौ."

अण्णा उठले. दोर बाजूला पडला. "आन तुज्या त्या बिजलीघरात? तितं काय गळत न्हाई?"

"गळतंय की. रोज कुटं ना कुटं गळतंय. म्हणून तर मला ठिवलंय."

"मंग दुसऱ्याची मोट कशाला बघतोस?"

"दुसऱ्याची कुटं व्हती? आपली व्हती."

वैनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ तसंच. आता अप्पांचा आवाज खाली आला. मी शिकवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

"सुमीचं लगीन हाय, अण्णा. पोरगी म्हणती, अण्णा न्हाईत तर मी न्हाई. मला एकट्याला त्या मांडवात उभं ऱ्हाणं जमायचं न्हाई. चला."

मग अण्णा वैनींकडे वळून म्हणाले, "माजा रुमाल कुटाय?"

"कोणचा?"

"डोक्याचा. लग्नाला काय बोडका जाऊ?"

"लगीन कवा हाय ते तरी इचारा आदी," वैनी म्हणाल्या आणि पिठाच्याच हाताने डोळे पुसून घेतले. डोळ्याखाली पांढरा पट्टा उठला. अप्पा म्हणाले, "वैनी, तुमीबी भस्म लावाय लागलाव जनू," आणि अण्णा हसले. दोघा भावांचं हसणं अगदी एकसारखं आहे, हे मला तेव्हा कळलं.

जेवल्याशिवाय सोडण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नाला अजून अवकाश होता, पण पोरीला आजच बघायचं म्हणून अण्णा आमच्याबरोबर निघाले. वैनी घर आवरून दोन दिवसांनी येणार होत्या. दमणी वेशीबाहेर पडली. भाऊ शेजारी शेजारी बसले होते आणि आता बोलायला काही सुचत नसल्यामुळे दोघेही बैलांना नावं ठेवीत होते.

ओढा ओलांडल्यावर अण्णांनी एकदम विचारलं, "नागू, पोरगी नांदाय गेल्यावर घरात कोन तुज्या?"

अप्पा बाहेर रानाकडे बघू लागले. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि मला उमगलं, की लग्न ठरल्यापासून हा प्रश्न ते एकट्याने वागवत होते.

"मास्तर हायत की शेजारी," ते म्हणाले. "त्येंचंबी कुनी न्हाई. मी त्येंच्याकडं जातो, तेवढाच माजा येळ जातो."

इतके दिवस मी समजत होतो की ते मला बघायला येतात.

अण्णांनी मान वळवून बाजारात बैल पारखावा तसा मला पारखला. "मास्तर, जेवायला काय करताव तुमी?"

"खिचडी."

"रोज?"

"रोज."

"आन ह्यो?"

"ह्यांची भाकरी सुमित्रा करते."

"म्हंजे लग्नानंतर ह्योबी खिचडी," अण्णा म्हणाले. मग त्यांनी गाडीवानाच्या पाठीवर हात ठेवला. "गाडी वळव."

"अण्णा, दिस कलला," अप्पा म्हणाले.

"कलू दे."

बैल नाराजीने वळले. आम्ही पुन्हा ओढा ओलांडला. घर दिसू लागलं तेव्हा वैनी ओट्यावरच उभ्या होत्या. आम्हाला वाटेला लावून त्या आत गेल्याच नव्हत्या.

"काय इसरलं?" त्यांनी दुरूनच विचारलं.

"लोणचं," अण्णा म्हणाले.

"किती देऊ?"

अण्णांनी आधी अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन मानसांला वरीसभर पुरंल इतकं," ते म्हणाले.