घोरपडबाईंचा काळ

एका जंगलात एक कॉलेज होतं. आता जंगलात कॉलेज कशाला, असं विचारू नका. कॉलेज काढायला कारण लागत नाही, जागा लागते. आणि जंगलात जागेला काय तोटा?

तर बाळांनो, त्या कॉलेजात वर्ग कधी भरत नसत, पण कबड्डीचा संघ होता. मैदानाच्या कडेला करंजाच्या झाडाखाली एक कट्टा होता. कट्ट्यावर संघाचे चाहते बसत. चाहते म्हणजे कोण, माहीत आहे का? ज्यांचा खेळावर फार जीव असतो आणि जे खेळाकडे पाठ करून बसतात, ते.

कट्ट्यावर वाद एकच. आपल्या संघाचा थोर प्रशिक्षक कोण? गवासर की अस्वलगुरुजी? दोघेही केव्हाच निवृत्त होऊन दुसऱ्या जंगलात गेले होते. त्यामुळे वादाला काही अडचण नव्हती.

“गवासरांनी तीन ढाली आणल्या, तीन!” वानरतात्या म्हणत. गवासरांच्या पक्षाचे ते म्होरके. “सरांनी शिट्टी मारली की झाडावरची बोरं खाली पडायची.”

“ढाली कुणीही आणील हो,” तरसअण्णा म्हणत. ते गुरुजींच्या पक्षाचे. “पाया कुणी घातला? आमच्या गुरुजींनी!”

“तुमचे गुरुजी सात वर्षांत सात वेळा हरले!”

“हरले. पण काय हरले! तशी हार आता बघायला तरी मिळते का?”

 मग तात्या अण्णांच्या आजोबांवर घसरत.

अशा संघाला नव्या प्रशिक्षक म्हणून घोरपडबाई आल्या. बोलायला कमी आणि धरायला पक्क्या. पहिल्याच दिवशी प्राचार्य सिंहांनी त्यांना बोलावून घेतलं.

“बाई, हे मैदान मंगल कार्यालयाला द्या म्हणून सगळे माझ्या मागे लागलेत. ज्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरेल, त्या वर्षी मी ते देऊन टाकणार.”

“आणि जिंकलो तर?”

“तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच सांगेन.”

 त्या मैदानावर बाईंचा फार जीव. लहानपणी त्यांना धावता येत नसे म्हणून सगळे चिडवायचे. मग याच मातीत एकदा त्यांनी एका सांबराचा पाय धरला, आणि सांबराला तो दुपारपर्यंत सोडवता आला नाही. त्या दिवसापासून कुणी चिडवलं नव्हतं.

बाई कामाला लागल्या. त्यांचं शिकवणं सोपं होतं. “पाय धरायचा. धरला की सोडायचा नाही. बाकी काय व्हायचं ते होऊ दे.”

“जिला धावता येत नाही ती काय शिकवणार?” तात्या कट्ट्यावरून म्हणाले. मान न वळवता म्हणाले, कारण वळवली असती तर मैदान दिसलं असतं.

संघ पहिली फेरी जिंकला. “याला म्हणतात गवासरांची छाप,” तात्या म्हणाले. संघ दुसरी फेरी जिंकला. “पाया, पाया बोलतोय!” अण्णा म्हणाले. बाईंनी मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि तिसऱ्या फेरीची तयारी केली.

अंतिम सामन्यात पलीकडच्या जंगलाचं रानडुक्कर चढाईला आलं. आपल्या मुंगसाने त्याचा पाय धरला. डुकराने मुंगसाला फरफटत नेलं, मुंगसाला धरलेल्या उदमांजराला नेलं, उदमांजराला धरलेल्या सशा-खारींनाही नेलं. मध्यरेषा एक वीत राहिली. तिथे डुकराचा दम तुटला. ढाल आपली झाली! घोरपडबाई मैदानातच बसून ढसाढसा रडल्या.

कट्ट्यावर मात्र पेच पडला. ही ढाल गवासरांची की गुरुजींची? तीन दिवस हाणामारी झाली. चौथ्या दिवशी तात्या आणि अण्णा यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. दोष बाईंचाच. दोघे मिळून प्राचार्यांकडे गेले.

“बाईंनी जिंकून दिलं, हे आम्ही नाकारत नाही,” तात्या म्हणाले. “पण गवासरांसारखं नाही.”

“आणि गुरुजींसारखं हरल्याही नाहीत,” अण्णा म्हणाले. “मग परंपरा ती कुठली राहिली?”

सिंह सगळ्या जंगलात कुणाला भीत नसे, पण कट्ट्याला भीत असे. त्याने बाईंना नारळ दिला. बाई मुकाट्याने डोंगरकड्यावर राहायला गेल्या. त्यांच्या जागी एक म्हातारा ससा आला. त्याला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याच्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

महिना उलटला. एके दिवशी कट्ट्यावर तात्या सुस्कारा टाकून म्हणाले, “काही म्हणा, घोरपडबाईंचा काळ म्हणजे काळ होता!”

“अहो, त्या पकडीला जंगलात तोड नव्हती,” अण्णांनी डोळे पुसले.

“मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.”

इकडे ससा मुलांना पळायला शिकवत होता. चढाईवाला आला की सातही जण बिळात. ही बातमी कड्यावर पोचली आणि बाईंना राहवलं नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या फेरीला आठ दिवस उरले असताना त्या खाली उतरल्या आणि थेट कट्ट्यापाशी आल्या. सगळे उभे राहिले. कुणी हार घातला, कुणी पाया पडलं.

“हार राहू द्या,” बाई म्हणाल्या. “प्राचार्य तुमचं ऐकतात. मला आठ दिवस परत घ्यायला सांगा. मुलं पकड विसरलीत हो. हरलो तर मैदान जाईल.”



“पण बाई,” अण्णा चाचरत म्हणाले, “तुम्ही आलात आणि तरीही हरलो तर?”

“तर हरू. निदान धरून तरी हरू.”

“मग घोरपडबाईंच्या काळाचं काय होईल?”

तात्यांनी हात जोडले. “बाई, तुमच्या नावाला आम्ही बट्टा लागू देणार नाही. तुमच्याकडूनसुद्धा नाही!”

आणि त्यांनी बाईंना वाजतगाजत कड्यावर परत पोचवलं.

आठ दिवसांनी संघ हरला. अर्धा वेळ मैदानात कुणी सापडतच नव्हतं. मैदान गेलं. पावसाळ्याआधी तिथे फरशी बसली, मांडवाचे खांब उभे राहिले. कट्टेवाल्यांनी वर्गणी काढली, प्राचार्यांना घेराव घातला आणि एक मागणी मान्य करून घेतली. उद्घाटनाला बाईंना पालखीतून आणलं. दारावरचा पडदा बाजूला झाला. पाटीवर लिहिलं होतं: ‘घोरपडबाई मंगल कार्यालय’.

“बघा बाई, अमर झालात!” तात्या म्हणाले.

बाई पाटीकडे बघत नव्हत्या. त्यांनी पायाखालच्या गुळगुळीत फरशीवर नखं टेकवून बघितली. ती कुठेच रुतेनात.

“इथली माती कुठे टाकली?” त्यांनी विचारलं.

“कुणाला ठाऊक!” तात्या म्हणाले. “पण अक्षरं बघा ना, सोनेरी आहेत.”

तात्पर्य: बाळांनो, थोर व्हायचं असेल तर आधी जागा सोडा. आणि एकदा थोर झालात की चुकूनही कामाला हात लावू नका. चाहत्यांना फार त्रास होतो.