पावत्या पक्क्या करून मिळतील

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पैशाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! बायकांना पैशाचं शहाणपण शिकवणारं पुस्तक तीनदा वाचलेली बाई अख्ख्या च्याई शहरात शोधायला निघालात, तर फिरून फिरून माझ्याच वह्या-पेनांच्या दुकानाशी याल. पुस्तकाचं नाव 'आपलं पासबुक, आपला शिक्का'. बारा प्रकरणं आहेत. मी तीनदा वाचलं. म्हणजे, पहिली तीन प्रकरणं तीनदा वाचली. तीन त्रिक नऊ झाली की नाही? राहिली किती? तीनच!

एवढं ज्ञान एकटीनं ठेवून काय करायचं? म्हणून मी दर गुरुवारी दुकानात वाचनमंडळ सुरू केलं. खुर्चीवर मी, बाकी बायका प्लास्टिकच्या स्टुलांवर. समोरच्या टर्कीभाताच्या गाडीवाल्या यू वहिनी यायच्या, त्या मुख्यतः पाय मोकळे करायला. आणि यायच्या एकाहत्तर वर्षांच्या आ-लियान काकू. खरं सांगायचं तर मंडळ चालू होतं ते काकूंसाठीच.

काकूंनी आयुष्यात कधी बँकेचं दार ढकललं नव्हतं. पासबुक आणि सहीऐवजी बँकेत उमटवायचा नावाचा शिक्का, दोन्ही काकांच्या खणात. मागच्या वर्षी काका गेले, आणि ताइपेईत नोकरी करणारा मुलगा ज्युन-श्येन म्हणू लागला, "आई, तुला यातलं काय कळतं? दोन्ही मी घेऊन जातो. लागेल तेव्हा फोन कर."

"केस कुरळे करून घ्यायचे म्हटले तरी ताइपेईला फोन!" काकू आम्हाला सांगत होत्या. "आणि तो विचारणार, 'या वयात कुणाला दाखवायचेत?' त्साइ-युन, मी चाळीस वर्षं त्याच्या बापाकडे हात पसरला. आता पोराकडे पसरायचा?"

हे बोलताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. मग काकूंनी हिंमत केली आणि पोराशी ठराव केला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने काकू एकट्या घर चालवणार. शरद पौर्णिमेच्या सणाला पोरगा घरी आला की वही आणि पावत्या ताडून बघणार. जुळलं तर पासबुक-शिक्का काकूंच्या खणात. नाही जुळलं तर दोन्ही ताइपेईच्या गाडीत.

"काकू, तुम्ही माझ्यावर सोडा!" मी म्हणाले.

"तीच तर काळजी आहे," यू वहिनी पुटपुटल्या.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पहिलं प्रकरण सांगतं, प्रत्येक खर्च स्वतःच्या हातानं लिहा. काकूंना मी पेन्सिल दिली, जाड रेघांची वही दिली, आणि पावतीवरचा नंबरसुद्धा उतरवायला लावला. दुसरं प्रकरण सांगतं, पावती टाकू नका. हे आम्हाला सांगायलाच नको! आमच्याकडे दुकानातल्या प्रत्येक पावतीवर आठ आकडी नंबर असतो आणि दर दोन महिन्यांनी सरकार त्या नंबरांची सोडत काढतं. पावती टाकणाऱ्याला इथे वेड्यात काढतात. तिसरं प्रकरण सांगतं, तुमची नोंद टिकाऊ करा. इथे मात्र मला स्वतःची अक्कल चालवावी लागली.

कारण त्या पावत्यांची शाई म्हणजे नवऱ्यानं दिलेला शब्द. दोन महिन्यांत दिसेनाशी! काकूंच्या पावत्या फिकट पडल्या आणि ज्युन-श्येनच्या हातात कोरे चिठोरे आले, तर?

सणाच्या चार दिवस आधी मी एक मशीन घेतलं होतं. लॅमिनेशनचं! कागद प्लास्टिकमध्ये घालायचा, एका बाजूनं सरकवायचा, दुसऱ्या बाजूनं जन्माचा पक्का होऊन बाहेर. वहिनींच्या गाडीचा दरफलक त्यात घालून बघितला तर असा चकचकीत झाला की टर्कीभात पाच युआननं महाग वाटायला लागला. मी लगेच दारावर पाटी लावली, 'पावत्या पक्क्या करून मिळतील'. मशीनबरोबर सूचनांचा कागद होता. पण पुस्तकं वाचणाऱ्या बाईनं असले कागद काय वाचायचे?

पंचवीस सप्टेंबर उजाडला. सण त्याच दिवशी आणि जुलै-ऑगस्टच्या पावत्यांची सोडतही त्याच दिवशी. सकाळी काकू बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. "साठ आहेत," त्या म्हणाल्या. "काळजीपूर्वक कर हं. आणि ऐक, या पावत्या—"

"काकू, तुम्ही घरी जाऊन पोरासाठी पपनसं सोला!" मी त्यांना दारापर्यंत पोचवलंसुद्धा. कलाकाराच्या मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही.

पाच मोठी पाकिटं घेतली, एकेकात बारा पावत्या लावल्या. अशा सरळ रांगेत, की शाळेतली मुलंसुद्धा कधी उभी राहिली नसतील! मशीन तापलं. पहिलं पाकीट सरकवलं आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला कंदिलाचा कागद हवा होता. मी त्याच्याशी बोलत मागच्या हातानं दुसरं सरकवलं, तिसरं सरकवलं. गिऱ्हाईक लाल रंग की पिवळा यावर अडून बसलं, तोवर चौथं आणि पाचवंही गेलं. अखेर ते पिवळा घेऊन गेलं आणि मी मोठ्या अभिमानानं मागे वळले.

अगं आई गं!

मशीनच्या पलीकडे पाच काळ्या पाट्या पडल्या होत्या. काळ्या म्हणजे तव्याच्या बुडासारख्या काळ्या! नंबर नाही, तारीख नाही, रक्कम नाही. उजेडात धरल्या, तिरप्या धरल्या, चष्मा लावून बघितल्या, चष्मा काढून बघितल्या. एका पाटीत तेवढं काहीतरी दिसलं, ते माझंच तोंड होतं.

तेव्हा कुठे मी सूचनांचा कागद उघडला. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की पावत्यांचा कागद उष्णतेनं काळा पडतो, यात घालू नये. ही ओळ मशीनवरच छापायला काय होत होतं त्यांना?

दुपारचे दीड वाजले आणि समोरून यू वहिनींचा आवाज आला. "सोडत लागली! सोडत लागली!" गाडीवरच्या टीव्हीवर नंबर येत होते. काकूही डोक्यावर उन्हाची टोपी घालून, वही काखेत मारून आल्या होत्या. मी पाट्या कॅलेंडरामागे खुपसल्या आणि चेहऱ्यावर हसू चिकटवून बाहेर आले.

वहिनी नंबर ओरडत होत्या, काकू पेन्सिल ओळीवरून खाली नेत होत्या. "पाच, शून्य, आठ, आठ, तीन..." पेन्सिल थांबली. काकूंनी वही माझ्याकडे फिरवली. "त्साइ-युन, तू बघ बाई जरा. सगळे जुळतायत का गं?"

आठच्या आठ जुळत होते! पहिलं बक्षीस! दोन लाख युआन! अकरा ऑगस्ट, चहात उकडलेलं अंडं, नग एक, तेरा युआन!

"एका अंड्यावर दोन लाख!" वहिनींनी पळी हवेत उडवली. मी काकूंना मिठी मारली, वहिनींनी मला मारली, भात खाणारे दोघंजण उठून टाळ्या वाजवायला लागले. मी तर नाचतच होते. नाचता नाचता एकदम कॅलेंडर आठवलं आणि माझे पाय जागच्या जागी थिजले.

"आता पावती काढ," वहिनी म्हणाल्या.

मी पाट्या आणल्या. दुसरं काय करणार? वहिनींनी एक पाटी उलटी करून बघितली. "हे काय, दगडी पाटी? खडू कुठंय?"

"काकू," मला रडूच फुटलं. "मी तुमचं वाटोळं केलं हो!"

काकूंनी पाटीकडे बघितलं. "हं," त्या म्हणाल्या. "अगं त्साइ-युन, त्या पावत्या तर—"

"एक शब्द बोलू नका! तुमचं ब्लडप्रेशर! तुम्ही बसा. वहिनी, यांना भात द्या! मी निस्तरते सगळं!"

आधी त्या अंड्याच्या दुकानात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, दुसरी प्रत देऊ, पण तिच्यावर बक्षीस मिळत नाही. मग माझ्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मी वर्षभर सांगतोय, मोबाईलवर घ्या पावत्या. तिथे काळ्या होत नाहीत." असल्या वेळी खरं बोलणाऱ्या माणसाशी संसार करणं किती अवघड असतं, ते बायकांनाच ठाऊक!

शेवटी तोडगा वहिनींनी काढला. "गरम करून बिघडलं ना? मग गार करून सुधारेल."

एवढं साधं मला सुचू नये! आम्ही पाचही पाट्या वहिनींच्या फ्रीझरमध्ये टर्कीच्या दोन तंगड्यांमध्ये उभ्या केल्या. दर दहा मिनिटांनी मी दार उघडून बघायची. पाट्या काळ्याच, फक्त आता त्यांच्यावर बर्फ. "उघडू नकोस सारखी, माझं मांस खराब होईल," वहिनी ओरडत होत्या.

"अगं, ऐक तरी माझं," काकू मधेच म्हणाल्या.

"काकू, माझ्यावर विश्वास ठेवा!"

काकूंनी खांदे उडवले आणि दुसरी वाटी मागवली. मला वाटलं, बिचारी! मोठ्या धक्क्यानं भूक वाढते म्हणतात, ते खोटं नाही.

चार वाजता ज्युन-श्येन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा डबा. सणाचं बोलणं दोन वाक्यांत उरकून तो गाडीवरच्याच टेबलाशी बसला. "आई, वही." पानं उलटत गेला. त्याच्या भुवया जरा वर गेल्या. "बेरजा बरोबर आहेत. आता पावत्या."

मी फ्रीझर उघडला. पाच काळ्या पाट्या, वर बर्फ, एका कोपऱ्याला टर्कीचं कातडं, अशा त्याच्यापुढे मांडल्या. "यात आहेत," मी म्हणाले. "सगळ्या यात आहेत. फक्त दिसत नाहीत."

त्यानं एक पाटी दोन बोटांत उचलली. "हे पुस्तकात शिकवतात?" मग त्यानं मान हलवली आणि आईपुढे हात पसरला. "आई, मी म्हणालो नव्हतो? शिक्का दे."

तीन महिने त्या बाईनं कोथिंबिरीची काडीसुद्धा लिहून ठेवली होती, आणि माझ्या एका मशीनपायी सगळं मातीत! मी हात जोडले. "ज्युन-श्येन, चूक माझी आहे, काकूंची—"

"त्साइ-युन," काकू म्हणाल्या, "आता तू गप्प बस."

मी बसले. त्यांनी टोपी काढली, टोपीच्या अस्तरातून एक लिफाफा काढला आणि टेबलावर पावत्या ओळीनं मांडल्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या वाचता येणाऱ्या! आणि अकरा ऑगस्टचं ते तेरा युआनचं अंडं!

"मग या पाट्यांत काय आहे?" मी किंचाळले.

"मे आणि जूनच्या. त्यांची सोडत कधीच होऊन गेली. एकही लागली नव्हती."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलू कुठे देतेस? तीनदा सुरुवात केली." काकूंनी शांतपणे पाट्या बाजूला सारल्या. "पाचवं प्रकरण. नव्या योजनेत आधी तेवढंच घालावं, जेवढं बुडालं तरी चालेल. तुझं मशीन नवं होतं."

वहिनी इतक्या हसल्या की गल्ला धरून उभ्या राहिल्या. ज्युन-श्येननं मात्र हसू आवरलं. एकेक पावती वहीशी ताडली, अर्धा तास! एका युआनचाही फरक नव्हता. मग त्यानं अंड्याची पावती पुन्हा उचलली आणि एकदम खुर्ची पुढे ओढली. "आई! दोन लाख! हे मी ताइपेईला नेऊन चांगल्या ठिकाणी गुंतवतो!"

"एक लाख एकोणसाठ हजार दोनशे," काकू म्हणाल्या. "कर कापून. सातवं प्रकरण." त्यांनी पावती त्याच्या बोटांतून सोडवून घेतली आणि त्याच्या तळहातावर मोजून तेरा युआन ठेवले. "तुझीही योजना नवीनच आहे ना? हे गुंतवून दाखव. जमलं तर पुढचं बघू."

पासबुक आणि शिक्का काकूंच्या खणात राहिले. दुसऱ्या दिवशी त्या कुणालाही न विचारता केस कुरळे करून आल्या. आरशात बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. दारावरची पाटी मी त्याच दिवशी काढून टाकली.

पुढच्या गुरुवारी मंडळ भरलं. आले तर खुर्चीवर काकू! मी मुकाट्यानं यू वहिनींच्या शेजारी स्टुलावर बसले. काकूंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. माझी खूण होती तिथेच होती, तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर.

"आज चौथं प्रकरण," काकू म्हणाल्या. "त्साइ-युन, तू वाच. मोठ्यानं."

मी पान उलटलं. पहिलंच वाक्य होतं, 'पावत्या उष्णतेपासून दूर ठेवा, नाहीतर काळ्या पडतील.'

सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "छपाई फार बारीक आहे बाई. चष्मा घेऊन येते." आणि जी उठले, ती मंडळ संपेपर्यंत चष्मा शोधत होते. तो माझ्या नाकावरच होता.