घटक सात: मुख्य झडप

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला, तेव्हा मापदंड जेवणाच्या टेबलावर बसून एका तंत्रशाळेची मान्यता काढून घेत होते.

मापदंड हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सरकारच्या तंत्रशिक्षण मंडळात ते पंचवीस वर्षं तपासणी अधिकारी होते आणि कुठलीही गोष्ट बघितली की 'मापदंडात बसत नाही' म्हणायची त्यांना सवय होती. कचेरीतल्यांनी नाव पाडलं, पाठीमागे वापरलं आणि हळूहळू ते घरापर्यंत पोचलं. नळकामाचा सगळा अभ्यासक्रम त्यांनीच समितीचं अध्यक्षपद भूषवून तयार केला होता. दहा घटक, दोन सत्रं, तीनशे वीस तास. जन्मात कधी पान्हा हातात धरला नव्हता, हा भाग निराळा. अभ्यासक्रम लिहिणाऱ्याने पान्हा धरावा असा काही नियम नाही. असता तर तोही त्यांनीच केला असता.

"अहो, नळ गळतोय. नळवाल्याला फोन करू का?" बायकोने विचारलं.

"नळवाल्याला?" मापदंडांनी पेन खाली ठेवलं. "अख्ख्या देशातले नळवाले ज्या अभ्यासक्रमावर तयार होतात, तो कुणी लिहिला?"

"तुम्ही."

"मग?"

"म्हणूनच विचारतेय," बायको म्हणाली.

पुढ्यातली फाईल नदीपलीकडच्या एका लहानशा तंत्रशाळेची होती. ऐंशी मुलंमुली तिथे शिकत होती आणि शिकून बाहेर पडली की त्यांना काम मिळत होतं, ही गोष्ट मंडळाच्या तक्त्यात कुठे लिहायची सोय नव्हती. तिथले नळकामाचे मास्तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, सगळ्यांना मुख्य झडप बंद करायला लावायचे. मुख्य झडप म्हणजे लोक ज्याला मेन व्हॉल्व्ह म्हणतात ती. अभ्यासक्रमात हा भाग घटक सातमध्ये, दुसऱ्या सत्रात होता, कारण पहिल्या सत्राचे तास भरले होते. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी मंडळाला पत्रही लिहिलं होतं: 'पाणी बंद करायला आधी शिकवावं, नळ उघडायला नंतर. कृपया क्रम बदलावा.' त्यावर मापदंडांनी शाईच्या पेनाने टपोऱ्या अक्षरांत शेरा मारला होता, 'सूचनेची नोंद घेतली.' ज्या सूचनेचं काहीएक करायचं नसतं, तिची कचेरीत नोंद घेतात.

आणि आता त्याच शाईने त्यांनी लिहिलं होतं: 'क्रमाचा गंभीर भंग. मान्यता काढून घ्यावी.' फक्त सही राहिली होती. सही झाली की सोमवारी पत्र निघणार आणि ऐंशी जणांची परीक्षा रद्द होणार. तेवढ्यात नळ ठिबकला, म्हणून सही राहिली.

मापदंडांनी शेजाऱ्याकडून पान्हा आणला, बाजारातून वॉशर आणला आणि कपाटातून आपलं पाठ्यपुस्तक काढलं. घटक एक, नळाचा इतिहास. घटक दोन, कामाच्या जागी लावायचे फलक. घटक तीन, नळाचे भाग व त्यांच्या व्याख्या. घटक चार, वॉशर बदलणे. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: 'नळाचा वरचा भाग पान्ह्याने डावीकडे फिरवून सोडवावा.' त्यांनी बोट ठेवून वाक्य दोनदा वाचलं, आणि सोडवला.

पाणी थेट छताला लागलं. तिथून ते मापदंडांच्या डोक्यावर, टेबलावर आणि फाईलवर असं शिस्तीत वाटलं गेलं.

"बंद करा ना!" बायको किंचाळली.

"घटक चारमध्ये बंद करणं नाहीये!"

"मग कशात आहे?"

मापदंडांनी ओली पानं भराभर उलटली. "सातमध्ये! दुसऱ्या सत्रात!"

"आणि तोवर काय करायचं?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. त्यांनी नळावर तळहात दाबला, तेव्हा पाणी बोटांच्या फटींतून बायकोकडे वळलं. पातेलं पालथं धरलं, तेव्हा ते खिडकीकडे वळलं. बायकोने टॉवेल, चादर, शेवटी त्यांचा कचेरीचा कोट जमिनीवर टाकला. पाणी कोटाला वळसा घालून दाराकडे गेलं, उंबरा ओलांडून जिन्याने उतरू लागलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. फक्त इथे पाषाण कोरडा राहिला नव्हता.

पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात आले. त्यांच्या हातात उघडलेली छत्री होती.

"साहेब, माझ्या पलंगावर पाऊस पडतोय," ते म्हणाले. "बरं, मी झोपलेलो होतो."

"आजोबा, अहो, दोन मिनिटं... तपासतोय मी."

"तपासा, तपासा. मी छत्री धरून उभा राहतो."

त्यांच्यामागून त्यांची सून आली. हातात पान्हा, ओढणी कमरेला खोचलेली. तिने नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काका, मेन व्हॉल्व्ह कुठाय?"

मापदंडांनी बायकोकडे पाहिलं. या घरात राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती.

"पॅसेजमधल्या खालच्या कपाटात काहीतरी गोल चाक होतं बघ," बायकोला आठवलं. "पण तिथे यांचे गठ्ठे आहेत."

कपाटात अभ्यासक्रम समितीच्या सव्वीस बैठकांची इतिवृत्तं होती, दोरीने बांधून, वर्षांप्रमाणे लावून. सून गुडघ्यांवर बसली आणि गठ्ठे उपसून मागे भिरकावू लागली. तिसरी बैठक छपाक करून पडली. अकरावी बैठक आजोबांच्या पायाशी पडली. विसाव्या बैठकीच्या मागे गंजलेलं चाक दिसलं. तिने ते दोन्ही हातांनी उजवीकडे फिरवलं, आणि घर एकदम शांत झालं.

पुढच्या चार मिनिटांत तिने वॉशर बदलला.

"कुठे शिकलीस गं हे?" बायकोने विचारलं.

"नदीपलीकडच्या तंत्रशाळेत. आमचे मास्तर पहिल्या दिवशी हातात खडूसुद्धा घेत नाहीत. आधी व्हॉल्व्ह, मग बाकी सगळं."

अशा वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं. मापदंडांनाही वाटलं. पण धरणी तीन मजले खाली होती, आणि वाटेत आजोबांचं ओलं छत होतं.

खरी शरम तर पुढेच होती. सून भली पोरगी. तिने टेबलावरची फाईल उचलली, निथळली, पानं सुटी केली आणि एकेक करून गॅलरीतल्या दोरीला चिमट्यांनी लावू लागली. चौथ्या पानाशी तिचा हात थांबला. मास्तरांचं पत्र बॉलपेनने लिहिलेलं होतं, ते जसंच्या तसं शाबूत होतं. त्याच्यावरची 'सूचनेची नोंद' मात्र निळी होऊन वाहून गेली होती. शेवटच्या पानावरची शिफारसही फुटली होती, पण वाचता येणारच नाही इतकी नाही.

"काका, मान्यता काढणं म्हणजे शाळा बंद?"

"बंद असं नाही... म्हणजे प्रवेश बंद. परीक्षा बंद."

"मास्तरांनी केलं काय?"

"क्रमाचा भंग," मापदंड जमिनीकडे बघत म्हणाले.

"म्हणजे व्हॉल्व्ह आधी शिकवला?"

"हो."

तिने घरभर पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती काहीतरी लागेल असं बोलली असती तर मापदंडांना सोसलं असतं. पंचवीस वर्षांत लोकांनी त्यांना पुष्कळ ऐकवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "जपून चाला हं काका, फरशी निसरडी झालीय." आणि सासऱ्यांना हाताला धरून खाली घेऊन गेली.

त्या दिवशी मापदंडांना जेवण गेलं नाही. दोरीवर फडफडणारं ते पत्र त्यांना खुर्चीतून सारखं दिसत होतं. शाई धुऊन गेली तरी आपण काय लिहिलं होतं ते आपल्याला पाठ आहे, याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

सोमवारी त्यांनी पापडासारखी कडक झालेली फाईल संचालकांपुढे ठेवली.

"हे काय? शिफारस धड वाचता येत नाही."

"बदलली साहेब. शाळेची मान्यता कायम ठेवावी आणि घटक सात पहिला करावा. मास्तर बरोबर होते. मी चुकलो."

संचालकांनी चष्मा काढला. "चुकलो असं कुठे लिहिणार? तसा रकाना नाही आपल्याकडे."

"मग 'प्रत्यक्ष पाहणीअंती' लिहितो."

"पाहणी कुठे केलीत?"

"स्वयंपाकघरात," मापदंड म्हणाले. आणि सगळं सांगितलं, छत्रीसकट. संचालक इतके हसले की शिपाई पाणी घेऊन आला. पाणी बघून मापदंडांनी मान फिरवली.

पत्र टपालाने गेलं असतं. पण मापदंड ते घेऊन स्वतः नदीपलीकडे गेले. नव्या तुकडीचा पहिला दिवस होता. मास्तर कार्यशाळेत उभे राहून शिकवत होते, म्हणून मापदंड आवाज न करता मागच्या बाकावर बसले.

"...तर त्या गृहस्थांनी व्हॉल्व्ह बंद न करता नळ उघडला," मास्तर सांगत होते. "पाणी छताला. तिथून जिन्यात. खालचे आजोबा छत्री घेऊन वर."

सगळी तुकडी खो खो हसली. सूनबाई रविवारीच मास्तरांना भेटून गेली असावी.

"सर, पण इतका अडाणी माणूस होता तरी कोण?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

मास्तरांची नजर तेवढ्यात मागच्या बाकाकडे गेली. ते दचकले, घाबरलेच. शाळेचं भवितव्य त्या माणसाच्या खिशात होतं. "कोण ते... तसं काही नाही, बाळ. एक उदाहरण म्हणून..."

मापदंडांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पत्र द्यावं आणि निघावं, असं त्यांच्या मनात आलंही. त्यांनी हात वर केला.

"मी," ते म्हणाले.

कार्यशाळेत कुणी हसलं नाही. मापदंड उठले, पत्र मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग त्यांनी नेहमीचंच केलं. कोपऱ्यातला नळ पूर्ण सोडला आणि भिंतीतल्या चाकाकडे बोट दाखवलं.

"या साहेब. आधी हे."

मापदंडांनी दोन्ही हातांनी चाक धरलं, क्षणभर आठवलं, आणि उजवीकडे फिरवलं. पाणी थांबलं. त्यांनी वळून तुकडीकडे पाहिलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मास्तरांनी सकाळीच सगळ्यांकडून ते करून घेतलं होतं.